पिवळा पास

५ जानेवारी, रविवार

आजच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे मीच मान पुढे केली, हे इथे तरी खरं लिहावं. निवृत्त होऊन वर्ष होत आलं. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली. आता पेपर वाचायचा आणि लताच्या पायात पायात करायचं, एवढंच उरलं आहे. ती परवा म्हणालीच, "अहो, कुठेतरी अडकवून घ्या स्वतःला."

आमच्या रो-हाउसच्या मागे हॉस्पिटल झाल्यापासून कॉलनीच्या रस्त्यावर कोणीही येऊन गाडी लावतं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. गेल्या आठवड्यात शेखरच्या दारात कोणी तरी गाडी लावून गेलं आणि त्याच्या आईला दवाखान्यात न्यायचं खोळंबलं. शेखर आमचा शेजारी आणि सोसायटीचा सेक्रेटरी. एरवी थट्टेखोर माणूस, पण त्या दिवशी त्याचे डोळे भरले होते.

मी सभेत प्लांटची पद्धत सांगितली. परमिट असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. ज्याने परमिट घेतलं त्यानेच काम संपल्यावर ते स्वतःच्या हाताने परत करायचं. तोवर बटण दाबायचं नाही, मग चीफ इंजिनिअर येऊन उभे राहिले तरी. माझ्या पाळीत कोणाचं बोटसुद्धा कापलं नाही ते यामुळे. गाड्यांचंही तसंच करू. रहिवाशाला हिरवं स्टिकर. पाहुण्याला गेटवर पिवळा पास, त्यावर येण्याजाण्याची वेळ लिहायची, आणि तो जाताना ज्याचा त्याने परत द्यायचा. दिवे लागल्यावर पाहुण्यांची गाडी आत नाही.

शेखर म्हणाला, "दादा, तुम्ही आमच्या कॉलनीची वाघा बॉर्डर करणार." सगळे हसले. मला ते आवडलं.

१९ जानेवारी, रविवार

आज रहिवासी कोण, यावर वाद झाला. प्रत्येक घरासमोर दोन गाड्यांची जागा आहे. एक माझ्या जुन्या गाडीची. दुसरी सुनीलची, आमच्या मुलाची. सुनील पुण्याला असतो, पण घर त्याचंच आहे, तेव्हा त्याला हिरवं स्टिकर. तसंच सगळ्यांच्या मुलांना. यावर कोणी हरकत घेतली नाही.

मग शेखरने विचारलं की लग्न झालेल्या मुलींचं काय, त्या तर दर सुटीला येतात. मी म्हणालो, मुलगी सासरी गेली की तिचा पत्ता बदलला, आधार कार्डावरसुद्धा बदलतो. एकीला दिलं तर सगळ्यांच्या लेकीबाळी रांग लावतील. शेखर म्हणाला, दादा, जरा कडक होतंय. मी म्हणालो, माझी स्वतःची मुलगी दर रविवारी येते, तिच्यापासून सुरुवात करा. मग कोण काय बोलणार? ठराव मंजूर.

 जेवताना मीठ मागितलं तर लताने डबाच समोर आणून ठेवला. सुनीलचं स्टिकर कुरिअरने पाठवलं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

चैताली आली. बरोबर आरोही, आमची नात, पहिलीत आहे. चैताली पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, स्वतःच्या नावावर छोटी पांढरी गाडी घेतली आहे आणि सासरहून, पाथर्डी फाट्याहून, ती एकटी चालवत येते, याचा मला अभिमान आहे. गेटवर बहिरूने, म्हणजे आमच्या वॉचमनने, तिच्या हातात पिवळा पास ठेवला. ती तो नाचवत घरात आली आणि म्हणाली, "पप्पा, आजपासून मी पाहुणी." मीही हसलो. आत पाहुण्यांच्या जागा मोजक्या, त्या आधीच आलेल्या पाहुण्यांनी भरलेल्या, म्हणून गाडी बाहेर जेल रोडला लावावी लागली. आपल्याच मुलीला बाहेर लावायला सांगितलं हे सगळ्या कॉलनीने पाहिलं. नियम असा रुजतो.

जावई हल्ली येत नाहीत. राकेशराव शिस्तीचा माणूस. गेल्या दिवाळीत मी पाहिलं होतं, चैताली घरी आली की ते गाडीचं किलोमीटर बघून मोबाईलमध्ये टिपून ठेवतात. गाडी कुठे, किती गेली, सगळं नीट. आमच्या प्लांटला असा माणूस हवा होता. आजही संध्याकाळी त्यांचा फोन आला, चैताली किती वाजता निघाली? मी पासवरची वेळ बघून चोख सांगितली. बरं पप्पा, म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी माझी तब्येत विचारली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

९ मार्च, रविवार

आज दुपारी टेबलावर नवी स्टिकरं कापत बसलो होतो. चैताली शेजारी येऊन बसली. आरोही आत आजीजवळ झोपली होती. बराच वेळ ती नुसती कात्रणं गोळा करत होती. मग म्हणाली,

"पप्पा, मला एक हिरवं मिळेल का?"

मला वाटलं थट्टा करते आहे. मी म्हणालो, "तू काय इथली रहिवासी आहेस?"

"नाही. पण होता येतं का, ते विचारतेय."

मी तिला समजावून सांगितलं. की ठराव मीच मांडला आहे. की मी माझ्याच मुलीला सूट दिली तर उद्या शेखरला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? की बाहेर गाडी लावून चार पावलं चालायला लागतं, त्याचं एवढं काय? आणि तुझं घर पाथर्डी फाट्याला आहे, तिथे तुझ्या गाडीला जागा आहेच. मी बराच वेळ बोललो. ती ऐकत होती. शेवटी "बरं" म्हणाली आणि उठून कप विसळायला गेली. पूर्वी शाळेत मार्क कमी पडले की अशीच भांडी घासायला जायची.

ती गेल्यावर लता म्हणाली, "काय म्हणाली ती तुम्हाला?" मी म्हणालो, स्टिकर मागत होती, नाही म्हटलं. लताने टेबलावरची कात्री उचलून आत नेली. मी इतका वाईट बोललो का? आवाज तर चढवला नव्हता.

मन खट्टू आहे. मुलीला नाही म्हणणं कोणाला आवडतं?

२३ मार्च, रविवार

ऊन चांगलंच तापू लागलं आहे. लताने सुनीलच्या रिकाम्या जागेत जुनी साडी अंथरून कुरडया वाळत घातल्या. पाहुणे बघतात, नियमात बसत नाही, असं मी म्हणणार होतो, पण तिचा चेहरा पाहून गप्प बसलो.

चैताली भर दुपारी जेल रोडवरून आरोहीला कडेवर घेऊन चालत आली. दुसऱ्या हातात पिशवी. मुलगी आता कडेवर घ्यायच्या वयाची नाही, पण रस्ता पोळत होता आणि तिची चप्पल तुटली होती. त्या कुरडयांपाशी चैताली थांबली. आरोहीने विचारलं, "आजोबा, मामाची गाडी कधी येणार?" मी म्हणालो, येईल की. चैताली त्या जागेकडे बघत म्हणाली, "कुरडया तरी सुखात आहेत." लेकी बोले सुने लागे, एवढं मला कळतं. जीव तुटला माझा. पण मधेच नियम मोडला तर सुरुवातच कशाला केली?

जेवताना तिने विचारलं की आपल्या इथल्या शाळेत दुसरीचे प्रवेश कधी सुरू होतात. मी म्हणालो, कोणासाठी? ती म्हणाली, लॅबमधल्या एका बाईंच्या मुलीसाठी. मी चौकशी करतो म्हणालो आणि विसरलो.

१३ एप्रिल, रविवार

उद्या जयंती. विहारात माझं भाषण आहे, 'बाबासाहेब आणि स्त्रियांचे हक्क'. दिवसभर टिपणं काढत होतो. लता शेखरच्या बायकोबरोबर विहारात सजावटीला गेली होती.

दिवे लागायच्या सुमाराला बहिरू घरी सांगायला आला. "साहेब, ताई आल्याय गेटवर. गाडीत लय सामान हाय. आत घेऊ का नको? टाइम झालाय."

मी गेलो. चैताली गाडीतच बसली होती. मागच्या सीटवर आरोही, तिच्या मांडीवर मिक्सर. बाजूला गोधड्या, दप्तर, कुकर, एक सूटकेस. मी म्हणालो, हे काय, दुरुस्तीला काढलंय का सगळं? ती म्हणाली, "पप्पा, आज गाडी आत राहू द्या. उद्या बघू."

मागे दोन गाड्या हॉर्न देत होत्या. शेखर नेमका तिथेच उभा. परवाच मी त्याच्या साडूची गाडी याच वेळेला बाहेर काढायला लावली होती. मी म्हणालो, "अगं, दिवे लागले की पाहुण्यांची गाडी आत नाही, तुला माहीत आहे. असं कर, तू आणि आरोही थांबा, मी राकेशरावांना फोन करतो, ते येऊन गाडी घेऊन जातील."

"नको, त्यांना फोन नको," ती घाईने म्हणाली. मग चावी फिरवली. "राहू द्या पप्पा. मी जाते."

शेखर म्हणाला, दादा, अहो येऊ द्या की, कोण काय म्हणतंय. मीच म्हणालो, नाही, नियम सगळ्यांना सारखा. तिने गाडी मागे घेतली. आरोही मागच्या काचेतून बघत होती. पास दिलाच नव्हता, त्यामुळे परत घ्यायचाही प्रश्न आला नाही.

थोड्या वेळाने राकेशरावांचा फोन. मी सांगितलं, आत्ताच निघाली, पोचेल. ते म्हणाले, सामान होतं का? मी हो म्हणालो.

भाषणाचा शेवट अजून जमत नाही. लक्ष लागत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

हे लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

सकाळी विहारात बोललो. चांगलं बोललो. मुलीला बापाच्या घरात मुलाइतकाच हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपदावर पाणी सोडलं, हे ठासून सांगितलं. टाळ्या वाजल्या. समोर बायकांमध्ये लता बसली होती. टाळ्या चालू असताना ती उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, ऊन लागलं.

घरी आलो तर ती सुनीलच्या जागेत, रिकाम्या फरशीवर बसली होती. म्हणाली, "काल रात्री चैतालीचा फोन आला होता मला. ती सासरी गेलेली नाही. इंदिरानगरला वत्सलाबाई म्हणून आहेत, तिच्या लॅबमधल्या, त्यांच्याकडे उतरलीय. राकेश जानेवारीपासून हात उचलतो तिच्यावर."

मी विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, मार्चमध्ये. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाली, "तिने शपथ घातली होती. म्हणाली, पप्पांना मीच विचारते. त्यांच्या तोंडून ये म्हणून येऊ दे. आणि विचारलं तिने. तुम्ही स्टिकरं कापत होतात."

मी तिथेच खाली बसलो. लता बोलत राहिली. ती लॅबमधून कुठे वळली का, हे बघायला तो रोज किलोमीटर बघायचा. दर रविवारी इथून निघायची वेळ आणि पोचायची वेळ ताडून बघायचा. थोडा उशीर झाला की झालं. ती वेळ त्याला कोण सांगत होतं, हे लताने बोलून दाखवलं नाही. काल सामान आहे हेही मीच सांगितलं.

मी त्या माणसाला शिस्तीचा म्हणत होतो. याच वहीत लिहिलं आहे मागे. खोडावंसं वाटलं, पण खोडून काय होणार. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी आज बसून पाहिला.

२० एप्रिल, रविवार

चैतालीला फोन केला, तिने घेतला नाही. लताच्या फोनवरून निरोप आला, "पप्पांना सांग, मी ठीक आहे. इतक्यात नको." इतक्यात म्हणजे किती, ते विचारायचा मला अधिकार नाही.

राकेशचा फोन आला. गोड बोलत होता. पप्पा, तुम्ही समजदार आहात, ती कुठे उतरलीय तेवढं सांगा. मी म्हणालो, मला माहीत नाही. मग म्हणालो, आणि माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं. याआधी दर रविवारी हेच तोंड त्याला वेळ सांगत होतं. मग त्याने आवाज चढवला. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. चैतालीने तो रोज ऐकला असेल.

लता म्हणते, वकील बघून ठेवा, कामाचं काहीतरी करा. बघितला आहे. पण तिने मागितल्याशिवाय पुढे होऊ नका, असंही तीच म्हणते.

२७ एप्रिल, रविवार

सभेत मी ठराव मांडला की लग्न झालेल्या मुलींच्या गाड्यांना रहिवासी स्टिकर द्यावं आणि रात्रीची अट काढून टाकावी. मोठं भाषण तयार करून नेलं होतं. गरज पडली नाही. सगळ्यांनी हात वर केले आणि लगेच पाण्याच्या टाकीचा विषय सुरू झाला. एवढं सोपं होतं ते.

बाहेर शेखर म्हणाला, "दादा, आम्ही तेव्हाही हेच म्हणत होतो." टोमणा नव्हता त्यात. मला तर टोमणा चालला असता.

घरी येऊन सुनीलला फोन केला. म्हटलं, तुझी जागा आता चैतालीला देतोय, राग मानू नकोस. तो म्हणाला, "पप्पा, माझ्या नावाची जागा होती तिथे?" कुरिअरचा लिफाफा त्याने उघडलाच नव्हता.

एक हिरवं स्टिकर कापलं. तिच्या गाडीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला. कडा नीट गोल केल्या. हे काम नऊ मार्चला चहा गार होण्याआधी झालं असतं.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. चैताली येणार, असं लताने काल सांगितलं. मी सकाळपासून गेटवर. बहिरू म्हणाला, "साहेब, ऊन लय हाय, आत बसा, ताई आल्या का सांगतो." मी बसलो नाही. सुनीलची जागा स्वतः झाडून घेतली होती. खिशात स्टिकर.

पांढरी गाडी गेटपाशी आली. मी हाताने आत, आत, अशी खूण केली. ती गाडी थांबवून काच खाली करून म्हणाली, "पास द्या ना पप्पा." मी म्हणालो, तुला पास लागत नाही, नियम बदलला, जागा केलीय घरासमोर. असं म्हणत स्टिकर काढून मी काचेपाशी गेलो.

काचेवर खालच्या कोपऱ्यात एक निळं स्टिकर आधीच लावलेलं होतं. इंदिरानगरच्या कुठल्या तरी बिल्डिंगचं नाव, आणि खाली 'रहिवासी'.

तिने माझी नजर पाहिली. म्हणाली, "वरचा फ्लॅट रिकामा होता, तोच भाड्याने घेतला. वत्सलाबाईंकडे गाडी नाही, त्यांची जागा त्यांनी मला दिली. पहिल्याच रात्री. काही विचारलं नाही."

मला बरंच बोलायचं होतं. "चुकलं गं माझं," एवढंच आलं. "घरी ये राहायला. आजच ये."

ती म्हणाली, "घर लागलंय आता पप्पा. आरोहीची शाळासुद्धा जवळच बघितलीय." मग माझ्या हातातल्या हिरव्या स्टिकरकडे पाहून म्हणाली, "छान कापलंय. राहू द्या तुमच्याजवळ." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी तो शोधत होतो, तो असता तर भांडता आलं असतं, समजूत घालता आली असती.

मागे गाडी येऊन थांबली होती. बहिरू माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या हातातून पिवळा पास घेतला आणि तिला दिला.

खीर खाल्ली सगळ्यांनी. आरोही सुनीलच्या जागेत खडूने घर काढत बसली होती. लता आणि चैताली आत हळू बोलत होत्या, मधे एकदा हसल्याही. मी दारात खुर्ची टाकून बसलो, कोणी मला हाक मारली तर ऐकू यावं म्हणून. एकदा चैतालीने बाहेर येऊन विचारलं, "वकिलांचा नंबर आहे म्हणे तुमच्याकडे?" मी दिला. अजून काही लागलं तर, असं म्हणेपर्यंत ती आत गेली होती.

दिवे लागायच्या आत ती निघाली. रात्रीची अट आता नाही, मी सांगितलं होतं तिला. तरी निघाली. गेटपाशी मीच उभा राहिलो. तिने काच खाली करून पास माझ्या हातात दिला, ज्याने घेतला त्याने परत करायचा, तसा. पुढच्या रविवारी येशील ना, असं विचारलं. "बघते," म्हणाली.

गाडी जेल रोडला वळली. आरोहीने मागच्या काचेतून हात केला. मीही केला, पास त्याच हातात होता.